बोलायचं तूच

सभा सहाला होती. चार वाजता, दिवाणखान्यात चहाची वाट बघत बसल्या बसल्या, असं निघालं की भाषणं तीन आहेत आणि वेळ एकाच भाषणाला आहे.

वस्तीच्या हॉलच्या सेक्रेटरीबाईंनी आधीच बजावलं होतं. पानेकाकांच्या आठवणींची सभा म्हटल्यावर अर्धी वस्ती बोलायला उठणार, तेव्हा घरच्यांपैकी एकानेच बोलायचं, तेही दहा मिनिटं. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. घरच्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, कारण ठरवायचं काही बाकी आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. जो तो निर्धास्त होता.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. वस्तीत त्यांना पानेकाका म्हणत, कारण खिशात रुमाल नसेल पण पाना असायचाच. आधी सैन्यात पूल बांधणारे इंजिनिअर, मग पाणीपुरवठा खात्यात, आणि निवृत्तीनंतर दर रविवारी हॉलच्या ओसरीत टेबल टाकून लोकांचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या फुकट दुरुस्त करणारे. फुकट म्हणजे अगदीच फुकट नाही. ज्याची वस्तू त्याने शेजारी बसून स्वतःच्या हाताने स्क्रू उघडायचे, ही अट. कित्येक लोक त्यापेक्षा नवा पंखा परवडला असं म्हणत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येत.

"आवाजाची व्यवस्था बघायला मी जरा आधी निघतो," थोरला म्हणाला. थोरला कॉलेजात इतिहास शिकवतो. इतकी वर्षं वर्गात बोलून त्याचा आवाज असा झालाय की जेवताना मीठ मागितलं तरी समोरच्याने वही काढावी. "माइक आधी बघून घेतलेला बरा."

"तू कशाला धडपडतोस?" ताई म्हणाली. ती दातांची डॉक्टर. "मला जायचंच आहे. बोलणारीने माइक बघितलेला बरा."

"बोलणारीने म्हणजे?"

"म्हणजे मी."

थोरल्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. वहिनीने नवऱ्याचं भाषण कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं, चार वेळा दुरुस्त केलं होतं, आणि आठवडाभर आंघोळीच्या वेळी बंद दारातून ऐकलं होतं. तिला ते पाठ होतं. तिने पर्समधून कागदांची गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. ताईने आपल्या बॅगेतून एक घडी काढून तिच्याशेजारी ठेवली.

तेवढ्यात धाकटा चहाचा ट्रे घेऊन आला. त्याने नवा शर्ट घातला होता आणि त्यावर दुकानातल्या घड्या तशाच उमटलेल्या होत्या. टेबलावरचे कागद बघून तो थबकला, आणि त्याच्याही शर्टाच्या खिशातून डोकावणारा कागद सगळ्यांना दिसला.

"तूसुद्धा?" थोरला म्हणाला.

"बाबांनी सांगितलं होतं," धाकटा म्हणाला.

यावर जे झालं ते मी लांबवत नाही. तिघंही एकदम बोलत होते, आणि तिघंही एकच वाक्य बोलत होते. माझ्यामागे कधी चार शब्द बोलायची वेळ आली तर बोलायचं तूच. बाकीच्यांना जमणार नाही. आणि हे तुझ्यापाशीच ठेव. थोरल्याला हे गच्चीत कपड्यांची दोरी बांधताना सांगितलं होतं. ताईला तिच्या दवाखान्यात, खुर्चीत बसल्यावर, हिरडी बधिर करायच्या आधी घाईघाईने. धाकट्याला ते बेसिनखालच्या कपाटातून सांगितलं गेलं होतं. बाबा कमरेपर्यंत आत होते, बाहेर नुसते पाय, आणि धाकटा टॉर्च धरून उभा होता.

"अरे, पण तू?" ताईच्या तोंडून निसटलं. "तुला तर स्वतः चालवतोस त्या बसमध्येही 'पुढे सरका' एवढंसुद्धा कंडक्टरच्या तोंडून सांगावं लागतं."

"तेच म्हणतोय मी," थोरला म्हणाला. या बाबतीत बहीणभावांची लगेच युती झाली. "बोलायची सवय लागते, बाबा रे. सभेत समोर शंभर माणसं असतात."

"माझ्या मागे साठ असतात," धाकटा म्हणाला.

वहिनीला हसू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. लगेच युती मोडली. "खरं सांगू का?" ती ताईकडे वळली. "तुमच्या दादाचं भाषण सतरा पानांचं आहे. बाबांचा जन्म सहाव्या पानावर होतो."

"पार्श्वभूमी लागते," थोरला म्हणाला.

"मग तर मीच बोलते," ताई म्हणाली. "माझं दोन पानांत आहे."

"हो, आणि त्यात एक पूर्ण पान त्यांच्या अक्कलदाढेवर असणार."

हे थोरल्याने नुसतं अंदाजाने म्हटलं होतं. ताई लाल झाली.

*

आई इतका वेळ खिडकीपाशी बसून आपल्या चपलेचा पट्टा बघत होती. तो बाबांनी शिवला होता, आणि इतका घट्ट शिवला होता की चप्पल झिजून संपली तरी पट्टा राहिला असता. मुलं लहान असल्यापासून अशीच भांडायची, तिला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट दोन महिन्यांनी घरात एवढा गलका ऐकून बरंच वाटत होतं. हे असते तर आतून ओरडले असते, अरे, एकेकाने बोला, वायरी एकमेकांत गुंतल्या की काहीच चालत नाही.

"मलाही सांगितलं होतं," ती म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळले.

"काय सांगितलं होतं?"

"हेच. बोलायचं तूच, मुलांना जमणार नाही. मी म्हटलं, मी नाही हो बोलणार, मला रडू येईल. तर म्हणाले, मग रड, पण उभी राहून रड, मागच्यांना दिसलं पाहिजे."

"आणि तू हे आत्ता सांगतेस?"

"तुझ्यापाशीच ठेव म्हणाले होते," आई शांतपणे म्हणाली. "मी ठेवलं."

दाराची बेल वाजली. सुभेदारकाका आले होते. बाबांच्या तुकडीतले, वयाने चार वर्षं लहान, पण अजूनही दारात आले की टाचा जुळवल्याशिवाय आत येत नाहीत. कोट, इस्त्रीची पँट, बूट असे की त्यात तोंड बघावं. आईला नमस्कार करून ते खुर्चीत टेकले, खोकले, आणि कोटाच्या आतल्या खिशात हात घातला.

"वहिनी, एक विचारायचं होतं," ते अवघडून म्हणाले. "माझं घरच्यांनंतर असेल की आधी? म्हणजे, साहेबांनी खासगीत सांगून ठेवलं होतं. घरचे लोक काय, भावनेच्या भरात वाहून जातात. तेव्हा सुभेदार, म्हणाले, बोलायचं तूच."

आणि त्यांनी कागद काढला.

आधी वहिनी हसली. मग आई. मग ताई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. थोरला काही वेळ प्राध्यापकासारखा बसून राहिला आणि मग त्याचाही बांध फुटला. सुभेदारकाकांना टेबलावरचे कागद दाखवले तेव्हा त्यांनी एकेक बघितला, आणि मिशीत बोट घालून ते खाली बघायला लागले.

"हात्तिच्या," ते म्हणाले. "पुन्हा सापडलो की मी."

"पुन्हा म्हणजे?"

"अहो, नदीवर तरंगता पूल टाकायचा म्हणजे दोर काठाला खुंट्यांना बांधलेले असतात. एक खुंटी ढिली राहिली की पूल वाहून जातो, आणि पुलावर जे असेल तेही जातं. तर हा माणूस मला बाजूला घेऊन सांगायचा, सुभेदार, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही, खुंट्या तू तपास, कुणाला बोलू नको. माझी छाती अशी फुगायची. एके दिवशी पहाटे गेलो, गुडघ्यावर बसून दोर ओढून बघतोय, तर खुंटीच्या पलीकडे आमचा आचारी. तोही ओढतोय. म्हटलं तू इथे काय करतोस, तर म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, दुसऱ्या कुणावर भरवसा नाही. आम्ही बोलतोय तोवर मागून तिसरा आला."

"मग राग नाही आला?" ताईने विचारलं.

"आला ना. तिघं मिळून तंबूत गेलो. साहेब दाढी करत होते. म्हणाले, एकाला सांगितलं की तो विसरतो. तिघांना एकत्र सांगितलं की तिघंही दुसऱ्यावर ढकलतात. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की आपण नाही बघितलं तर गेलंच सगळं." सुभेदारकाकांनी चहाचा घोट घेतला. "राग आला खरा. पण आमचा एकही पूल वाहून गेला नाही."

"पंपांचंही तसंच होतं की त्यांचं," ताई म्हणाली. "मी लहानपणी जायचे ना त्यांच्याबरोबर. एक पंप चालू, एक शेजारी तयार, आणि एक गोदामात ताडपत्रीखाली. त्याचा वरच्या लोकांना पत्ताच नव्हता."

"म्हणजे आपण सगळे पंप," वहिनी म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

धाकटाही हसला. मग त्याने रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले आणि तो स्वयंपाकघरात गेला.

*

त्याने नळ सोडला आणि कप धुवायला घेतले. कप धुवायला दोन मिनिटं लागली असती, पण त्याने आधीच धुतलेल्या बशाही पुन्हा घेतल्या.

गोदामातला पंप. ताईच्या मनात तसं काही नव्हतं हे त्याला कळत होतं. पण आपण कोण, हे त्याला त्या एका वाक्यात दिसलं होतं. दादाला बोलता येतं, ताई हुशार, सुभेदारकाका तर लढाईतले सोबती. आणि हे सगळे बंद पडले तरच ताडपत्री काढून ज्याला बाहेर आणायचं, तो आपण. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा बाबा आरडाओरडा करतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं होतं. बसवर ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हाही "बरं". सबंध लहानपणात त्यांनी त्याला एकच काम दिलं, टॉर्च धरायचं, आणि प्रकाश कुठे पाडायचा तेही कधी त्याला जमलं नाही. म्हणून तर त्या बेसिनखालून आलेल्या आवाजाने तो हबकला होता. बोलायचं तूच. आयुष्यात बाबांनी आपल्याला एवढंच दिलं, पण खास दिलं, असं वर्षभर मनाशी धरून तो चालला होता. डेपोत बस उभी केल्यावर रिकाम्या सीटांकडे आरशात बघून त्याने भाषणाची तालीम केली होती. एकदा सफाईवाल्याने टाळ्याही वाजवल्या होत्या.

"किती धुशील?" दारातून थोरला म्हणाला.

"झालंच."

थोरला आत आला आणि फडकं घेऊन कप पुसायला लागला. हे काम त्याला येत नव्हतं. कप आतून पुसायचा राहतच होता. "हे बघ," तो म्हणाला, "तू बोल. मी मागे घेतो माझं."

"नको, दादा. दया दाखवल्यासारखं होतं ते."

"दया नाही रे." थोरल्याचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "मलाही लागलंच की. मला वाटलं होतं, निदान बोलण्यापुरता तरी मी त्यांना पसंत आहे. तुला ठाऊक आहे, मी पहिली गाडी घेतली तेव्हा दारात आणून उभी केली होती. आईला मागे बसवलं, म्हटलं बाबा, तुम्ही पुढे. त्यांनी टायर बघितले, बॉनेट उघडून ऑइल बघितलं, छान आहे म्हणाले, आणि चालत गेले. आम्ही हळूहळू गाडी घेऊन त्यांच्या मागे. सगळी वस्ती बघत होती. त्यानंतर दोन गाड्या बदलल्या मी, पण एकदाही बसले नाहीत."

"माझ्या स्कूटरवरही नाही," ताईचा आवाज आला.

स्वयंपाकघर आणि दिवाणखान्यामधल्या भिंतीत बाबांनी ताटं द्यायला एक झरोका पाडला होता, सरकत्या फळीचा. तो केल्यापासून या घरात कुणालाच काही खासगी बोलता आलेलं नाही. आता फळी सरकली आणि त्यात ताईचं डोकं दिसलं, त्याच्या खाली आईचं.

"लांब जायचं तर रेल्वेने जायचे," ताई म्हणाली. "स्वतः स्कूटर चालवली तर ठीक. पण दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत नाही म्हणजे नाही. पाऊस असो, ताप असो. हॉलवाले सगळे विचारून थकले, काका, सोडतो घरी. मला वाटायचं, मिजास आहे."

धाकट्याने नळ बंद केला.

"दुसऱ्याच्या गाडीत नाही, असं कसं?" तो म्हणाला. "बसमध्ये तर बसायचे."

"कुठल्या बसमध्ये?"

"माझ्या. दर गुरुवारी."

"गुरुवारी ते पंप बघायला जायचे," आई म्हणाली. "जुन्या पंपिंग स्टेशनवर. सकाळी डबा घेऊन जायचे, दुपारी यायचे."

"अगं, नाही गं आई." धाकटा हात झटकत झरोक्यापाशी आला. "दहाच्या फेरीला चौकातून चढायचे. डाव्या बाजूची, दारामागची पहिली सीट. पास काढून देतो म्हटलं तर नको म्हणाले, तिकीट काढायचे. शेवटच्या थांब्यापर्यंत यायचे, उतरून चहा प्यायचे, मग माझ्याच फेरीने परत. डबा मला द्यायचे. घरी उरला होता म्हणायचे."

"उरला होता?" आई म्हणाली. "सकाळी उठून ताजा करून द्यायचे मी."

"तू कधी बोलला नाहीस," थोरला म्हणाला.

"काय बोलायचं? मला वाटलं, तपासायला येतात. पोरगा नीट चालवतो की नाही, कुठे चुकतो. पहिल्या महिन्यात म्हणालेही होते, ब्रेक जरा उशिरा लावतोस. झालं, एवढंच. पुढे इतक्या वर्षांत अक्षर नाही. मी पूर्ण फेरी घामाघूम व्हायचो. नंतर नंतर तर कंटाळून झोपायचे."

"काय करायचे?" आईने विचारलं.

"झोपायचे. बाजार ओलांडला की मान खाली. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उठवायचा त्यांना."

आईचं डोकं झरोक्यातून नाहीसं झालं. थोरल्याला वाटलं तिला चक्कर आली, म्हणून तो धावत बाहेर गेला, आणि त्याच्या मागे धाकटा. ती सोफ्याच्या कडेवर बसली होती आणि सुभेदारकाकांकडे बघत होती. सुभेदारकाका ताठ बसले होते. त्यांचा चहा तसाच राहिला होता.

"ऐकलंत ना?" आई म्हणाली.

"ऐकलं."

"झोपायचे म्हणतो हा."

"ऐकलं, वहिनी."

"अगं, झालं काय?" ताई म्हणाली. "म्हातारा माणूस, बसमध्ये झोपला."

"तुम्ही सांगा," आई सुभेदारकाकांना म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं. तुम्ही काही तसं कबूल केलेलं नाही."

सुभेदारकाकांनी घसा साफ केला. "पूल काढून परत निघालो होतो. लढाई संपली होती, सगळे खुशीत. साहेब दुसऱ्या ट्रकमध्ये, पुढे ड्रायव्हरशेजारी. तीन दिवस झोप नव्हती कुणाला. साहेबांचा डोळा लागला. आणि ड्रायव्हरचाही लागला. मी मागच्या ट्रकमध्ये होतो, समोर बघत होतो. ट्रक वळलाच नाही. दोघं गेले आमचे, त्यातला एक तोच आचारी. पूल पडला असता तर त्यांनी स्वतःला समजावलं असतं. पण ते म्हणायचे, मी झोपलो. मी जागा असतो तर त्याला हलवलं असतं."

वहिनीने नकळत कागदांची गुंडाळी हातात घेतली होती, ती तिने परत ठेवली.

"लग्न झाल्यावर आम्ही डोंगरावर फिरायला गेलो," आई म्हणाली. "टॅक्सी केली. अर्ध्या तासाने यांनी टॅक्सीवाल्याला शेजारी बसवलं आणि स्वतः चालवायला घेतली. टॅक्सीवाला घोरत आला वरपर्यंत, पैसे मात्र पूर्ण घेतले त्याने." तिला हसू आलं, आणि डोळे भरले ते तिने पुसले नाहीत. "तेव्हा सांगितलं मला. म्हणाले, दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत माझा डोळा मिटणार नाही आता. आणि डोळे ताणून बसण्यापेक्षा मी चालत जाईन."

"माझ्या खुर्चीतसुद्धा," ताई हळूच म्हणाली, "दाढ काढताना डोळे सताड उघडे. माझ्या हातावर नजर. मी म्हटलं बाबा, मिटा ना डोळे, तर नाही म्हणून मान हलवली."

धाकटा मधोमध उभा होता. कुणाकडे बघावं ते त्याला कळत नव्हतं. हाताला अजून साबण होता.

"मला वाटलं कंटाळतात," तो म्हणाला.

"तपासायला साहेब दहा जणांना सांगायचे, पोरा," सुभेदारकाका म्हणाले. "झोपायला मात्र..." आणि त्यांनी हातरुमाल काढून नाक शिंकरलं. ते एवढ्या जोरात शिंकरलं की आईला पुन्हा हसू आलं.

थोरला खिडकीशी गेला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही. त्याला हेवा वाटला. या वयात, पांढऱ्या केसांनी, धाकट्या भावाचा सरळसरळ हेवा. तो हेवा त्याने पूर्ण वाटू दिला. आणि मग त्याला एकदम हलकं वाटलं. बाबा त्या दिवशी गाडी मागे टाकून चालत गेले ते आपल्याला नापसंत करून नव्हे, एवढं तरी आता नक्की झालं होतं. त्याने खिशातून गाडीची चावी काढली.

"साडेपाच होत आले," तो म्हणाला. "निघायचंय ना? हे घे. तू चालव."

वहिनीने डोळे विस्फारले. "वीस वर्षं संसार केला, मला एकदा दिली नाही ती चावी."

"तू आरसे हलवतेस," थोरला म्हणाला.

*

हॉल भरला होता. ओसरीत बाबांचं दुरुस्तीचं टेबल तसंच होतं, आणि त्यावर फोटोऐवजी सेक्रेटरीबाईंनी एक उघडा पंखा ठेवला होता, अर्धवट जोडलेला, बाबा गेले त्या आठवड्यातला. ज्याचा तो पंखा, त्याने नेला नव्हता. माझे मी उरलेले स्क्रू लावीन तेव्हा नेईन, म्हणाला होता.

वस्तीतले लोक बोलले. शिंपीणबाई म्हणाली, मशीन दुरुस्त करायला नेलं आणि पानेकाकांनी तिच्याकडूनच ते सुटं करून घेतलं. घरी जाऊन ती तासभर रडली, आणि आता वस्तीतली सगळी मशीनं तीच बघते. पोस्टमन म्हणाला, काकांनी एकदा खासगीत सांगून ठेवलं होतं की बोलायचं तूच. पहिल्या रांगेतले सहाही जण एकदम खाली बघायला लागले, आणि ताईचे खांदे हलायला लागले.

"घरच्यांपैकी कोण?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

थोरला उठला. वहिनीने घड्याळाकडे पाहिलं. तो माइकपाशी गेला, माइक नीट केला, आणि म्हणाला, "आमच्या घरातून माझा धाकटा भाऊ बोलेल." मग तो येऊन बसला. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात छोटं भाषण, आणि वहिनीच्या मते सगळ्यात चांगलं.

धाकटा उभा राहिला. खिशातला कागद त्याने काढला आणि तो तसाच परत ठेवला. समोर शंभरावर माणसं, सगळी त्याच्याकडे तोंड करून. बसमध्ये माणसं मागे असतात, त्यामुळे सोपं जातं.

"बाबा दर गुरुवारी माझ्या बसमध्ये बसायचे," तो म्हणाला. "तिकीट काढून."

लोक हसले. पानेकाकांना तिकिटाशिवाय कुणी कल्पिलंच नसतं.

"दारामागची पहिली सीट. आणि बाजार ओलांडला की झोपायचे."

हसणं सुरू झालं आणि मध्येच थांबलं. पावसात, उन्हात, तापात, काका, सोडतो घरी, असं ज्यांनी ज्यांनी कधी ना कधी विचारलं होतं, ते एकमेकांकडे बघायला लागले. तसं न विचारलेला माणूस त्या हॉलमध्ये बहुतेक नव्हताच. मागच्या रांगेतला रिक्षावाला उठून उभा राहिला, काही म्हणायला नाही, नुसताच.

आईही उठून उभी राहिली. रडत होती, आणि मागच्यांना दिसत होतं.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला पुढचं बोलता येईना. मग त्याने माइकची दांडी दोन्ही हातांनी धरली, जसं तो रोज स्टिअरिंग धरतो, आणि त्याला पुढचं वाक्य सापडलं.

"मी ब्रेक उशिरा लावतो, एवढी एकच तक्रार केली त्यांनी," तो म्हणाला. "मग मी लवकर लावायला लागलो, अगदी हळू. त्यांची झोप मोडू नये म्हणून. अजून तसाच लावतो."